बेरीज जुळत नाही

बीडमध्ये बसस्टँडच्या मागे माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, शपथपत्रं बारमाही. पण नवीन शैक्षणिक धोरणात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आल्यापासून परीक्षेच्या तोंडावर दुकानात खुर्च्या पुरत नाहीत. तिसऱ्या सत्रात प्रकल्पाला ४ श्रेयांक, चौथ्यात ६. बरीच पोरं गेल्या वर्षीचीच फाइल आणतात. "दादा, फक्त नाव अन् गाव बदला." मुखपृष्ठ बदलतं, ऋणनिर्देशात मात्र जुन्या पोराच्या आईवडिलांचे आभार तसेच राहतात.

समाजशास्त्राची ती मुलगी स्वतः मोबाइलवर टाइप केलेलं घेऊन आली. विषय ऊसतोड कामगारांची उचल, म्हणजे तोडीला जाण्याआधी मिळणारी आगाऊ रक्कम. समास, पानक्रमांक सगळं विस्कटलेलं. ते तर माझं कामच: बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच, प्रत्येक प्रकरण नव्या पानावर, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे. पण कच्च्या प्रतीवर सरांचा लाल शेरा जागोजागी होता: बेरीज जुळत नाही. वय आणि शिक्षणाच्या तक्त्यांखाली ६५, उचलीच्या तक्त्याखाली ३४.

"दादा, सगळीकडं ५० करून द्या. मैत्रिणी म्हणल्या, ५० चे टक्के काढायलाबी सोपे."

सोपे तर असतातच. बनवलेले आकडे पानावरूनच ओळखू येतात. २०, ४०, ६० टक्के, सगळं कसं गुळगुळीत. हिचे टक्के ओबडधोबड होते. म्हणून विचारलं, ताई, हे ६५ आले कुठून?

तिनं पिशवीतून वही काढली. दसऱ्याच्या सुमाराला गावात टोळ्या भरत होत्या, तेव्हा घरोघर फिरून विचारलेलं. एका पानावर एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळीचा मुकादम उचल देतो ती कोयत्यामागं. वहीत ३१ जोड्या होत्या आणि ३ अर्धे कोयते, म्हणजे एकटे गडी. ६२ अन् ३, माणसं ६५. उचलीचे हिशेब ३४. सगळं बरोबर होतं, फक्त 'नमुना निवडी'त त्याचा उल्लेखच नव्हता. तिचे आईवडील दोघंही फडावर जातात. घरात रोजची गोष्ट, ती काय लिहायची, असं तिला वाटलेलं.

मग ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो: वय-शिक्षणासाठी एकक व्यक्ती, उचलीसाठी एकक कोयता. प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकाखाली एकक टाकलं. खरं तर ही ओळ प्रकल्पाच्या सुरुवातीच्या आराखड्यातच हवी. पण आराखडा म्हणजे दोन पानं छापायची, सही घ्यायची अन् विसरून जायचं, अशीच रीत पडलीय.

सरांना ते पटलं आणि त्यांनी काम वाढवलं. कोयत्याची उचल मोजून कुणाच्या हातात दिली, तेही टाका म्हणाले. वहीत तो प्रश्नच नव्हता आणि माणसं तोवर कारखान्यांवर पांगलेली. दुकानात बसूनच तिनं फोन लावायला घेतले. पहिला आईला, सांगलीकडच्या फडावर. स्पीकर चालू होता.

"तुझ्या बापाच्या, अजून कुणाच्या? अंगठा मात्र दोघांचा घेतला."

मग अंगठ्याचाही वेगळा रकाना काढावा लागला. ज्यांचे फोन लागले नाहीत, त्यांच्यासाठी 'उत्तर नाही' अशी ओळ. हा तक्ता ४.७ झाला, पुढचे सगळे एकेक आकड्यानं सरकले, तक्त्यांची सूची पुन्हा केली आणि बाइंडिंगवाल्याला कळवलं, आज काही जमत नाही.