मामांची सुताची वही आणि आमची वाटचाल

आमच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात वर जीएसटीच्या फायली आहेत आणि खालच्या कप्प्यात एकोणीस लांबट वह्या, लाल कापडी बांधणीच्या. पहिली १९७९ ची. ही वाटचाल लिहायला बसले तेव्हा आधी तीच काढली. आमचा टॉवेलचा धंदा मागांइतकाच या वह्यांवर उभा आहे, असं माझं ठाम मत आहे.

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गिरणीतली नोकरी सोडून सोलापूरच्या साखर पेठेत चार माग टाकले ते १९७९ साली. पुढच्या खोलीत संसार, मागच्या खोलीत माग. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि सुताच्या दलालाशी थोडं कानडी. शिक्षण सातवीपर्यंत, पण दर सोमवारी वही उघडायची म्हणजे उघडायचीच. पहिल्या ओळीत सोळा नंबरच्या आणि दुहेरी वीस नंबरच्या सुताचा भाव. त्याखाली रंगाचा भाव. आणि त्याखाली, धंद्याशी काही संबंध नसल्यासारखे, ज्वारी, तूरडाळ, गोडेतेल, रॉकेल आणि एका खोलीचं भाडं.

१९९८ मध्ये मी या घरात सून म्हणून आले. संगमेश्वर महाविद्यालयात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते. वही पाहिल्यावर मी म्हणाले, "मामा, हा तर महागाई मोजायचा निर्देशांक आहे!" ते म्हणाले, "ते मला माहीत नाही. कामगार पगार वाढवून मागायला आला, तर त्याच्या चुलीवर काय शिजतंय आणि कितीला शिजतंय, हे मला आधी माहीत पाहिजे." पुस्तकात जे मी चार पानांत वाचलं होतं, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

पुढे कळलं की हे काम सोलापुरात मामांच्याही आधीपासून चालू आहे. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२५ च्या सुमारास इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ या वर्षातले भाव १०० धरून सोलापूरचा स्वतंत्र राहणीमान खर्च निर्देशांक निघू लागला. आज औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचं लेबर ब्युरो काढतं. देशातली ८८ औद्योगिक केंद्रं, त्यांतले ३१७ बाजार, आणि त्या ८८ मध्ये सोलापूर आहे. महाराष्ट्रातल्या किमान वेतनाचा विशेष भत्ता याच निर्देशांकावर दर सहा महिन्यांनी ठरतो. म्हणजे मामा वहीत जे लिहीत होते तेच काम आपल्याच पेठांमधून पद्धतशीर होत होतं, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

धंदा वाढला तो सावकाश. १९९१ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत गाळा घेतला, चाराचे बारा माग झाले. मग मागांवर नक्षी काढणारी यंत्रं, डॉबी आणि जॅकार्ड, आली. आज छत्तीस माग आहेत आणि शिलाई-पॅकिंगला सतरा बायका आहेत. त्यात सांगण्यासारखं फार नाही. कर्ज काढलं, फेडलं, पुन्हा काढलं.

सांगण्यासारखं घडलं २०१२ मध्ये. वार्षिक उद्योग पाहणीसाठी आमच्या कारखान्याची निवड झाल्याचं पत्र आलं. विजेवर चालणारा, दहा किंवा जास्त कामगारांचा नोंदणीकृत कारखाना तेव्हा या पाहणीच्या कक्षेत येत होता. घरात घबराट उडाली. आमचे हे म्हणाले, "आकडे दिले की उद्या करवाले दारात." शेजारच्या दोन कारखानदारांनीही तेच सांगितलं. मी २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा मिळवून वाचला. एकेका कारखान्याची माहिती उघड करता येत नाही, ती सांख्यिकीच्या कामासाठीच वापरायची, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. मग फॉर्म भरायला बसलो. किती सूत आलं, किती टॉवेल निघाले, वीज किती, पगार किती, वर्षाअखेरी गोदामात काय उरलं. तीन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की सूत, वीज आणि रंगणीचा खर्च वजा केल्यावर आमच्या हातून खरी मूल्यवाढ किती होते, हे आम्ही तेहतीस वर्षांत एकदाही काढलं नव्हतं. विक्री वाढली की धंदा वाढला, असं आम्ही समजत होतो. देशाच्या उत्पन्नाचा आकडा विक्रीची बेरीज करून निघत नाही, हे मी कॉलेजात शिकले होते. स्वतःच्या गाळ्याला तो हिशेब लावायला सरकारी फॉर्म यावा लागला.

काही वर्षांनी आमच्याकडून दरमहा एका ठरलेल्या टॉवेलचा कारखाना-दर मागवला जाऊ लागला, घाऊक किंमत निर्देशांकासाठी. सुरुवातीला आमच्याकडून एक मोठी चूक झाली आणि ती इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. पाच-सहा महिने आमच्या ऑफिसातून मागच्याच महिन्याचा दर पुन्हा पुन्हा जात राहिला. भाव तोच आहे, मग काय बदलायचं, असं कारकुनाला वाटलं. मलाही वाटलं. एक दिवस पाहणीचे अधिकारी स्वतः आले. पन्नाशीचे, शांत. त्यांनी टॉवेल हातात घेतला, मागून काटा घेतला आणि वजन केलं. मग विचारलं, "ताई, हा तोच टॉवेल आहे का?"

नव्हता. सूत महागलं तेव्हा आम्ही डझनाचा भाव तसाच ठेवून ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा, माल ४०० वर आणला होता. बाजारात सगळ्यांनीच तसं केलं होतं. गिऱ्हाइकाला भाव वाढलेला दिसत नाही, टॉवेल थोडा पातळ लागतो एवढंच. पण नवव्या हिश्शाइतकं वजन काढून घेऊन भाव तोच ठेवणं म्हणजे भाव साडेबारा टक्क्यांनी वाढवणंच झालं. आमच्या फॉर्मवर मात्र 'बदल नाही' असं जात होतं. शंभर कारखान्यांनी असंच कळवलं तर देशाच्या तक्त्यात कापड स्थिर दिसणार, आणि कापड घेणाऱ्याच्या खिशातून पैसे जातच राहणार. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी त्याच कारकुनासमोर बसून जुन्या महिन्यांचे वजनासकट दर काढले आणि दुरुस्ती कळवली. तेव्हापासून ठरलेल्या टॉवेलचा एक नग कपाटात प्लॅस्टिकमध्ये बंद असतो. वजन, सुताचे नंबर, लांबी-रुंदी चिठ्ठीवर. दर कळवायच्या आधी चालू माल त्याच्या शेजारी ठेवून तोलायचा. २०११-१२ हे पायाभूत वर्ष, म्हणजे त्या वर्षाचे भाव १०० धरलेली, घाऊक निर्देशांकाची मालिका २०१७ च्या मे महिन्यात आली. तिच्यात अप्रत्यक्ष कर धरत नाहीत, म्हणून जीएसटी बाजूला काढूनच आकडा लिहायचा. हा नियम आमच्याकडे भिंतीवर लावलेला आहे.

२०२० च्या एप्रिलचं पान वहीत कोरं आहे. माग बंद, सुताचा बाजार बंद, भाव विचारायला माणूस नाही. त्या महिन्यात देशाच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचाही एकूण आकडा नेहमीसारखा जाहीर होऊ शकला नव्हता, कारण भाव गोळा करणारेच बाजारात जाऊ शकत नव्हते; तो नंतर अंदाजाने भरला गेला. तारीख चुकली म्हणून कुरकुर करणाऱ्यांना मी नेहमी हे सांगते. त्या आकड्यामागे पिशवी घेऊन दुकानात उभा असलेला माणूस असतो.

त्याच वर्षी कामगारांच्या निर्देशांकाचं पायाभूत वर्ष २००१ वरून २०१६ झालं. तीनशेच्या वर असलेला आकडा एकदम ११८ च्या आसपास आला. आमचे कामगार, त्यांत एक मामांच्या वेळेपासूनचे अण्णा, थेट ऑफिसात आले. "वहिनी, महागाई एवढी उतरली का? आता भत्ता कापणार?" मी पाटीवर गणित मांडलं. नव्या आकड्याला २.८८ ने गुणलं की जुना आकडा मिळतो. ११८ गुणिले २.८८ म्हणजे ३४० च्या जवळपास. काहीच उतरलेलं नाही, फक्त मोजपट्टीवरची शंभराची खूण सरकली आहे. अण्णांनी मान हलवली आणि विचारलं, "मग ज्वारी किती धरली आहे?" मामांची शाळा अजून चालू आहे, असं वाटलं मला.

सगळ्यात महाग धडा २०२१-२२ चा. घाऊक महागाईचा दर एप्रिल २०२१ पासून दोन आकडी होता. मी तो दरमहा १४ तारखेला वाचत होते, वहीत लिहीत होते. आणि तरीही नोव्हेंबरात आम्ही सहा महिन्यांची एक मोठी ऑर्डर ठोक भावात घेतली. मागांना काम हवं होतं. मे २०२२ मध्ये ३५६ किलोच्या रुईच्या खंडीचा भाव लाखाच्या वर गेला. सूत रोज नव्या भावात. प्रत्येक टॉवेलमागे आम्ही पदरचे घालत होतो. माल दिला, शब्द पाळला, आणि त्या दिवाळीचा बोनस यांच्या विम्यावर कर्ज काढून वाटला.

आकडा वाचणं आणि आकड्याप्रमाणे वागणं यांत केवढं अंतर आहे, ते तेव्हा कळलं. त्यानंतर सहा महिन्यांपुढचा कोणताही करार आम्ही भावबदलाच्या कलमाशिवाय करत नाही. सूत्र साधं आहे. टॉवेलच्या किमतीतला सुताचा वाटा दोघांनी मिळून ठरवायचा, कराराच्या महिन्याचा घाऊक निर्देशांकातला कॉटन यार्नचा आकडा लिहून ठेवायचा, आणि पुढे तो जितके टक्के हलेल तितका फक्त तो वाटा हलवायचा. यातही एकदा अडकलो. पहिला आकडा हंगामी असतो, दहा आठवड्यांनी अंतिम होतो, आणि दोन्हींत फरक पडला. एका गिऱ्हाइकाशी त्यावरून दोन महिने पत्रव्यवहार चालला. आता कलमात 'अंतिम आकडा' असे शब्द असतात आणि फरकाचं बिल नंतर निघतं. २०२३ मध्ये घाऊक महागाई शून्याखाली गेली, सूत उतरलं, तेव्हा याच कलमाने आम्हाला भाव कमी करावा लागला. तो आम्ही न मागता केला. त्यातली दोन गिऱ्हाइकं आजही आमची आहेत.

पुष्कळ कारखानदार मित्र विचारतात की घाऊक आणि किरकोळ, दोन महागाया कशाला बघायच्या. मी त्यांना मे २०२२ दाखवते. घाऊकचा तेव्हाचा हंगामी आकडा १५.८८ टक्के, किरकोळ ७.०४. घाऊक आकड्यात सूत, रंग, कोळसा, रसायनं असा माल येतो, म्हणून तो आमच्या कच्च्या मालाचा. किरकोळ आकड्यात तेव्हाच्या मालिकेत जवळजवळ ४६ टक्के खाणंपिणं होतं, म्हणून तो कामगाराच्या घरचा. पण व्याज ठरतं ते किरकोळवर. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के, दोन टक्के वरखाली. ४ मे २०२२ ला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ४.४० झाला, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५०. लघुउद्योगांची तरत्या दराची नवी कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाशी जोडलेली आहेत, त्यामुळे आमच्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं, व्याज महिन्या-दोन महिन्यांत चढलं. आपल्या मार्केट यार्डात कांद्याचे ट्रक लागतात, त्या कांद्याचा किरकोळच्या त्या मालिकेतला वाटा ०.६४ टक्के. एवढासा वाटतो. पण टोमॅटो, बटाटा आणि तो एकदम चढले की पुढे व्याजही चढू शकतं, म्हणून मी कॅश क्रेडिटची मर्यादा तपासून घेते.

एक खंत आहे. साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौकात दोन-चार मागांचे पुष्कळ संसार आहेत, आमचा होता तसे. वार्षिक उद्योग पाहणीत ते येत नाहीत. त्यांच्यासाठी असंघटित उद्योगांची वेगळी पाहणी असते, पण माणूस दारात आला की तिथे अजूनही "मालक घरात नाहीत" असं उत्तर जातं. मी ओळखीच्या घरांत जाऊन बसते, मामांची वही सोबत नेते. दोन घरांनी गेल्या खेपेला पूर्ण माहिती दिली. त्यातल्या एका घरच्या सूनबाईंनी आता स्वतःची वही सुरू केली आहे.

सध्याचं काम असं आहे. कपाटातला तो ठरलेला टॉवेल आम्ही डिसेंबरात बंद करतोय. त्याला मागणी उरली नाही, हलका आणि लवकर वाळणारा माल चालतो. आधीसारखी चूक नको म्हणून माझ्या मुलीने आत्ताच पत्र तयार केलं आहे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन महिने जुन्या आणि नव्या, दोन्ही टॉवेलचे दर वजनासकट शेजारी शेजारी कळवायची आमची तयारी आहे, असं त्यात लिहिलंय, म्हणजे जुन्या दरांना नवे दर जोडताना खोटी वाढ किंवा खोटी घट दिसणार नाही. नव्या टॉवेलचा नग आज सकाळी मामांनी स्वतः तोलला आणि चिठ्ठी लिहून कपाटात ठेवली.