आंबोलीचा पाऊस आणि दोनच मिनिटं वाले सर

जुलैत वीकेंडला आंबोलीला जाऊ नका असं सगळेच सांगतात आणि ते शंभर टक्के खरं आहे. धबधब्यापाशी गाड्यांची रांग, कुणाच्या तरी डिकीतून दणदणाट, पायऱ्यांवरून पाण्याबरोबर चिप्सची पाकिटं. शनिवार त्यातच गेला. भजी मात्र झकास.

रात्री एका ग्रुपबरोबर नाईट ट्रेलला गेलो, चौकुळच्या रस्त्याला. धुकं इतकं की टॉर्चचा उजेड चार पावलांवर संपायचा. गाईड गावातलाच पोरगा, झाडांकडे न बघता डांबराकडेच बघत चाललेला. मधेच थांबून म्हणाला, "दादा, पाय बघून टाका." बघतो तर आंबोली टोड, बेडकाचीच एक जात! अंगठ्यापेक्षा लहानच, पाठ खरखरीत, कुशीला पिवळे पट्टे. 2009 साली वेगळी जात म्हणून याची नोंद झाली, जगात फक्त आंबोलीच्या परिसरात सापडतो आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. जरा पुढं दुसरा होता, चपटा, टायरची नक्षी उमटलेला.

सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावरच्या, कातळात बोटभर पाणी साचतं त्यात हा अंडी घालतो, म्हणजे पावसानं चार दिवस दडी मारली की डबकं आटलं आणि अंडी गेली, त्यात सड्यांवर रिसॉर्ट नि बंगले, आणि हौशी लोक थेट कातळावर गाड्या नेऊन फिरवतात ते वेगळंच.

पण माझं डोकं फिरलं ते आमच्याच ग्रुपमुळे. मोठा कॅमेरावाल्या एका सरांनी तो टोड उचलला आणि शेवाळ्याच्या दगडावर नेऊन ठेवला, कारण म्हणे डांबर बॅकग्राउंडला बरं दिसत नाही. हाताला मच्छरची क्रीम, बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्याच हातांनी आधी दुसरा बेडूक धरलेला, बेडकांचा बुरशीचा रोग असाच इकडून तिकडे जातो. पोरगा हळूच म्हणाला, "सर, होता तिकडंच बाजूला सोडा ना." तर, "अरे दोनच मिनिटं!" बाकी सगळे पण मोबाईल काढून वाकलेले. मी बोललो तर वातावरण खराब केलं म्हणून मलाच ऐकवलं, नंतर जेवतानाही कोणी बोलेना.

फोटो चालू असतानाच वळणावरून गाडी आली. पोरगा टॉर्च हलवत मधे उभा, ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, काच खाली करून शिवी घातली आणि गेला. कचरा टाकू नका असे बोर्ड ढीगभर दिसले, रात्री गाडी हळू चालवा, रस्त्यावर बेडूक असतात असा एकही मला दिसला नाही. बोर्ड राहू दे, पावसाळ्यापुरते दोन स्पीडब्रेकर तरी टाका की!