चालू होते पण टिकत नाही

मामांची जुनी कार्बोरेटरची मोटारसायकल परभणीहून मानवतला नेताना लई छळायली, किक मारली की चालू, चोक ओढलेला असेपर्यंत नीट आणि चोक बंद केला की लगेच बंद. लोक आधी प्लग बदलायला सांगतात, पण इंजिन एकदा पेटलं म्हणजे करंट येतोय, मी तरी आधी पेट्रोलकडंच बघतो. चोकमुळं हवा कमी जाते म्हणून पेट्रोल कमी आलं तरी भागतं, म्हणजे बहुतेक स्लो जेट (गाडी हळू चालताना कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं) तुंबलेला.

तसंच निघालं. फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरखाली पेट्रोल साठतं ती, खोलली तर तळाला गंजाची लाल भुकटी आणि पेट्रोलखाली वेगळा पडलेला पाण्याचा थेंब. आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढतं, त्यामुळं उभ्या गाडीची टाकी जपायलाच पाहिजे. जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, त्यात तार अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की गाडी परत सेट होत नाही. कार्ब क्लीनर आणि हवा मारली, जेट उजेडाकडं धरला आणि आरपार गोल ठिपका दिसला तेव्हा जिवात जीव आला.

आणि गाडी थोडी चालून मग बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडा, सुस्स आवाज येऊन परत चालू झाली तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय, आपल्याकडच्या फुफाट्यात हे होतंच.

टाकी धुतली, फिल्टर नवा टाकला. मामांना म्हणलं, गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा, अर्धी नको, आत हवा कमी तर ओलही कमी.