हातचा येत नाही तोवर

दुपारी वीज गेली. झोप येईना, म्हणून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर नऊ वेळा १ दाबला, गुणिले, पुन्हा नऊ वेळा १. तर उत्तरात १ नंतर टिंब आणि शेवटी ई१६ असं शेपूट! शेवटचा १ तर गिळूनच टाकला. अरे, सगळी मजा आकडा सलग लिहिण्यात आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढा, त्याच पायऱ्यांनी उतरा. बेरीज ८१, म्हणजे तीही नवाचा वर्ग.

हा गुणाकार मला आजोबांनी घातला होता. जेवण झाल्यावर त्यांना लवंडायचं असे आणि मी उशाशी भुणभुण करत असे. "एकाचा पाढा येतो ना? मग एवढं करून आण," म्हणून त्यांनी पाटी सरकवली. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. पाटीची रुंदी पुरेना, शेवटचे एक लाकडी चौकटीवर चढवले. बेरीज म्हणजे नुसतं मोजणं. उजवीकडे एकच १, शेजारी दोन, मग तीन, मध्यभागी नऊ, आणि तिथून उतरण. ऐटीत पाटी दाखवली. आजोबांनी डोळे न उघडताच विचारलं, "आता दहा एक घेतलेस तर?"

मधल्या घरात दहा. शून्य मांडला, हातचा एक. शेजारच्या नवात तो मिळवला, पुन्हा दहा, पुन्हा हातचा. तो आठाला मिळाला, आठाचा नऊ झाला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गेला, चढ-उतार गेला. मी रडकुंडीला आलो आणि आजोबा घोरत होते.

त्या ८ चं आणि या घराण्याचं काहीतरी वाकडं असावं. १२३४५६७९ला ९ने गुणा, नऊ एक हजर. मूळ संख्येत मात्र ८ गैरहजर. आणि तिचे अवयव पाडले तर ३७ आणि ३३३६६७. एसटीत ३७ नंबरची सीट मिळाली की मी अजून मनात तिनाने गुणतो. १११. शेजारच्याला काय सांगणार?

एकांना एकांनी गुणून येणाऱ्या या जातीच्या संख्यांना डेमलो संख्या म्हणतात. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना त्या जी.आय.पी. रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) डेमलो स्टेशनात सुचल्या म्हणून हे नाव. ६१७४ वाले कापरेकर तेच: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ हजर. त्याबद्दल मी नव्याने काय सांगू? दारुड्याला जशी दारू तशा मला संख्या, असं ते स्वतःच म्हणत. आपल्याकडच्या विद्वानांना हा पोरखेळ वाटे. १९७५ मध्ये गणिताच्या गमती लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे मास्तरांचं नाव जगभर झालं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या होत्या.