एकच भोक, तीन मापं

भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला होते तेव्हाची गोष्ट आहे. कंपनी छोटी, कामं वर्षानुवर्षं स्टीलची नाहीतर कास्ट आयर्नची. मग एक नवीन कस्टमर मिळाला आणि त्याचं अल्युमिनियमचं हाउसिंग आलं, मधे ३०० एमएमचा बोअर, म्हणजे गोल भोक, टॉलरन्स (मापात चालणारी सूट) एच७. म्हणजे बोअर ३०० च्या खाली एक मायक्रॉनही (एमएमचा हजारावा भाग) जायचा नाही आणि वर फार तर ५२ मायक्रॉन. केसाच्या जाडीएवढीसुद्धा जागा नाही. ट्रायल लॉट जानेवारीत गेला, एका फटक्यात पास, सगळे खूष, पेढे वगैरे झाले.

मे महिन्यात पहिला मोठा लॉट गेला आणि सकाळी सकाळी मेल, बोअर अंडरसाइझ, मायनस २० मायक्रॉनच्या आसपास, पूर्ण लॉट होल्डवर. आमचे प्रॉडक्शनचे सर मेल वाचून थेट मशीनवरच आले आणि ऑपरेटर काकांवर सुरू, तुमचं लक्ष कुठे असतं, गेज नीट सेट करता का, वगैरे वगैरे. काका बोरिंगवर आयुष्य काढलेले, ते कशाला ऐकून घेतायत. म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बघा आता, माझ्यासमोर बघा." नुकताच उतरवलेला जॉब, म्हणजे हाउसिंग, होता, त्यांनी बोअर गेज सेटिंग रिंगवर (माप पक्कं माहीत असलेलं नमुन्याचं कडं) झीरो केला, बोअरमध्ये घातला, हळू डोलवला, काटा जिथून परत फिरतो तिथे थांबवला. प्लस ३५. मी स्वतः घेतलं, प्लस ३५. पार टॉलरन्सच्या आत. रिंगचं सर्टिफिकेट बघितलं, गेजचं बघितलं, दोन्ही चालू तारखेची.

सर म्हणाले, सीएमएमवर, म्हणजे प्रोब टेकवून माप घेणाऱ्या मशीनवर टाका, दूध का दूध होईल. सीएमएम रूम एसीतली, २० डिग्री. जॉब ट्रॉलीवरून तसाच आत नेला, क्लॅम्प केला, प्रोग्राम रन केला. प्लस ८७.

मग जी शांतता पसरली ती काय सांगू. शॉपवर ओके, आमच्याच सीएमएमवर ओव्हरसाइझ, कस्टमरकडे अंडरसाइझ. तिन्हीकडची इन्स्ट्रुमेंट्स कॅलिब्रेटेड. सर लगेच म्हणायला लागले की सीएमएम खरं, बोअर मोठा होतोय, ऑफसेट (मशीनमधलं टूलचं सेटिंग) ५० नी कमी करा. मी हात जोडले, म्हटलं सर, कस्टमर लहान म्हणतोय आणि आपण अजून लहान करायचा? अर्धा तास द्या मला फक्त.

तेवढ्यात जॉब काढायला गेले आणि हात लावला तर जॉब चक्क कोमट. बाहेर शॉपवर ३६ डिग्री होतं, जॉबपण ३६ ला, आणि सीएमएमचं सगळं स्केल २० ला. सीएमएमला पार्टचं टेम्परेचर बघून करेक्शन करायचं ऑप्शन असतं, पण आमचं मशीन घेताना पैसे वाचवायला नेमकं तेच काढून टाकलं होतं (हे मला तेव्हाच कळलं, आणि कोणाच्या सांगण्यावरून काढलं ते विचारायचं नसतं).

मग जॉब हलवला नाही, तिथेच ठेवला आणि अधूनमधून तोच प्रोग्राम मारत राहिले. प्लस ७१. चहा पिऊन आले, प्लस ४९. जेवणानंतर प्लस १८. काका दर वेळी काचेतून डोकावून आकडा विचारायचे आणि मान हलवत परत जायचे. संध्याकाळी निघताना मायनस ८, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायनस २०, मग कितीही वेळा मारा, तिथून हलेना. कस्टमर बरोबर होता.

हिशोब कागदावर मांडला तर साधाच आहे. अल्युमिनियम एका डिग्रीला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. ३०० एमएम, १६ डिग्री फरक, म्हणजे ११० मायक्रॉन. मायनस २० मध्ये ११० मिळवा, प्लस ९०, आत नेईनेईपर्यंत थोडा थंड झाला म्हणून ८७ दिसला. आणि शॉपवर? तिथे रिंग स्टीलची, तीही ३६ लाच, स्टील वाढतं साडेअकरा, म्हणजे रिंग स्वतःच ५५ नी फुगलेली. फुगलेल्या रिंगवर झीरो करून फुगलेला बोअर मोजला, ९० वजा ५५, बरोब्बर ३५. काकांचा एक मायक्रॉनही चुकला नव्हता.

आणि इतकी वर्षं हे कोणाला का कळलं नाही, तर स्टीलचा जॉब स्टीलच्या गेजने मोजला की दोघं बरोबरच फुगतात, फरक आपोआप कटतो. कास्ट आयर्नचंही जवळपास तसंच. आमच्या शॉपमध्ये उन्हाळा कायमच होता, तो फक्त मापात दिसत नव्हता. जानेवारीच्या ट्रायलला सकाळी शॉपच १९-२० डिग्रीला होतं म्हणून तो लॉट सुटला.

ड्रॉइंगवर ३०० एमएम लिहिलेलं असतं ते २० डिग्रीला ३०० एमएम, वेगळं काही लिहिलं नसेल तर आयएसओ १ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे हेच धरायचं. हे मी कॉलेजात एका मार्कासाठी पाठ केलेलं. पूर्वी यातपण एकमत नव्हतं, १८८९ चा तो प्लॅटिनम-इरिडियमचा मीटरचा दांडा वितळत्या बर्फाच्या तापमानाला, म्हणजे शून्य डिग्रीला मीटर होता, इंग्लंडवाले ६२ फॅरनहाइट धरायचे, १९३१ मध्ये २० वर सगळ्यांचं जुळलं. आता मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो, १९८३ पासून, त्याला ऊन लागत नाही. जॉबला लागतं. २० डिग्री तिकडे खोलीत आरामात मिळत असेल, भोसरीत पत्र्याच्या शेडखाली मे मध्ये २० डिग्री म्हणजे विनोद आहे.

एक बरं, बोअर लहान होता म्हणजे मटेरियल शिल्लक होतं. ऑफसेट उलटा दिला आणि लॉट परत मागवून रिवर्कला घेतला. पुढच्यासाठी त्याच ग्रेडच्या अल्युमिनियमची सेटिंग रिंग बनवून घेतली, तिचा साइझ २० डिग्रीला सर्टिफाय केला आणि ती मशीनशेजारीच ठेवली, जॉब आणि रिंग एकाच हवेत. झीरो करण्याआधी दोन्ही हाताला सारखे लागले पाहिजेत हा काकांनी स्वतः लावलेला नियम. कटिंगवरून उतरलेला गरम जॉब लगेच मोजायचा नाही, रॅकवर ठेवायचा. यावरून प्रॉडक्शनवाल्यांशी रोज वाद, कारण रॅकवरचा जॉब त्यांच्या रिपोर्टमध्ये धरत नाहीत.

कस्टमरला उत्तर द्यायचा फॉर्म भरताना सरांनी कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं टाईप करून ठेवलेलं होतं. मी ते खोडून पूर्ण हिशोब लिहिला, तिन्ही आकड्यांसकट. सर म्हणाले एवढं कोण वाचतं. कस्टमरच्या माणसाने वाचलं, फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, तुमच्या बाकीच्या अल्युमिनियम पार्ट्सचं काय?

बाकीचे म्हणजे अजून दोन पार्ट होते. दोन्ही त्याच आठवड्यात सीएमएम रूममध्ये रात्रभर ठेवले.