ढेकळांवरची मिस्सा

अँग्लो-सॅक्सन काळावरच्या, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या पूर्वजांच्या काळावरच्या कादंबऱ्या वाचायची मला खोड आहे, आणि त्यातल्या लढाया मी बिनदिक्कत गाळते. ढाली, कुऱ्हाडी, चिखल, रक्त ही पानं भराभर उलटत मी शोधत असते ती गावाबाहेरच्या झोपडीतली म्हातारी. बहुतेक कादंबऱ्यांत ती असतेच. तिचा एक डोळा अधू, आढ्याला वाळक्या मुळ्या टांगलेल्या, आणि नायकाचं पुढं काय होणार हे तिला पहिल्या भेटीतच कळलेलं. एखाद्या लेखकाचा हात फारच सुटला तर ती थेट स्टोनहेंजच्या शिळांमध्ये उभी राहून वोडेन या त्यांच्या जुन्या देवाला हाका मारते. तिथं मी पुस्तक मिटते. हे अँग्लो-सॅक्सन लोक पाचव्या शतकात समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आले, तेव्हा त्या शिळा उभ्या राहून तीनेक हजार वर्षं होऊन गेली होती.

लेखकांची अडचण मला कळते. या लोकांनी आपल्या जुन्या धर्माबद्दल स्वतः काही लिहून ठेवलं नाही. जे हाती लागतं ते ख्रिस्ती मठांतून आलेलं. बीड नावाच्या विद्वान संन्याशानं 725 मध्ये कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात जुन्या महिन्यांची नावं देता देता तो सांगून जातो, की नोव्हेंबरला हे लोक ‘रक्ताचा महिना’ म्हणत, कारण कापायची गुरं तेव्हा देवांना वाहायची असत. नाताळच्या आदल्या रात्रीला ‘मातांची रात्र’ म्हणत. आणि एऑस्त्रे नावाची एक देवी होती, तिचा महिना वसंतातला. संपलं. एवढ्या भांडवलावर कादंबरीत एऑस्त्रेची देवळं उभी राहतात, पुजारणी नाचतात, ईस्टरच्या सणाचे ससे आणि अंडीही येतात.

गंमत म्हणजे बीडनं खरोखर जे मासलेवाईक सांगितलंय, ते कादंबरीकारांना फारसं नको असतं. उत्तरेकडच्या नॉर्थंब्रिया राज्याचा राजा एडविन 627 मध्ये ख्रिस्ती झाला, त्याआधी त्यानं सल्लागारांची सभा घेतली. जुन्या देवांचा मुख्य पुजारी कॉइफी उठला आणि म्हणाला, देवांची सेवा माझ्याइतकी कुणी केली नाही, तरी राजाची मर्जी माझ्यापेक्षा इतरांवरच जास्त; या देवांत दम असता तर त्यांनी माझं भलं केलं नसतं का? बढती हुकलेल्या कारकुनाची तक्रार ही. मग त्यानं हत्यार आणि घोडा मागितला. पुजाऱ्याला शस्त्र बाळगायला बंदी होती आणि बसायला फक्त घोडी चालायची, म्हणून मुद्दाम घोडाच. गुडमनहॅमच्या आपल्याच देवळावर जाऊन त्यानं भाला फेकला. प्रसंग नाट्यमय आहेच, पण मला जास्त आवडतो तो त्याचा हिशेबीपणा.

तसाच हिशेबीपणा त्यांच्या मंत्रांतही आहे. लाक्नुंगा म्हणून औषधांचं आणि तोडग्यांचं एक हस्तलिखित आहे, साधारण हजार वर्षांपूर्वीचं, हल्ली ब्रिटिश लायब्ररीत असतं. त्यात बरगडीत उसण भरली तर काय करायचं ते दिलंय. फीव्हरफ्यू, लाल नेटल आणि वेब्रेड या वनस्पती लोण्यात उकळायच्या आणि मंत्र म्हणायचा: टेकडीवरून त्या बाया गरजत दौडत गेल्या, त्यांनी भाले फेकले, बाहेर नीघ, छोट्या भाल्या, आत असशील तर! भाला देवांचा असो, एल्फ नावाच्या अदृश्य जिवांचा असो नाहीतर चेटकिणीचा, उतारा एकच. आधी निदान नको, भांडण नको. आणखी एका मंत्रात नऊ वनस्पतींची एकेक करून स्तुती आहे. त्यातली वेब्रेड म्हणजे वाटेच्या कडेला उगवणारं साधं तण. तिला म्हटलंय, वनस्पतींची माय, तुझ्यावरून गाड्या करकरत गेल्या, राण्या दौडत गेल्या, बैल फुरफुरले, तू सगळ्यांना पुरून उरलीस. पायदळी तुडवलं जाऊन टिकली म्हणून ती विषाला भारी! हे वाचल्यावर कादंबरीतली विजा पाडणारी म्हातारी फिकी वाटते.

त्याच काळच्या दुसऱ्या वैद्यकाच्या पोथीत बायकांच्या बडबडीवर उपाय आहे: रात्री उपाशीपोटी मुळा खावा, त्या दिवशी बडबड बाधत नाही. हीच पोथी 2015 मध्ये बातम्यांत झळकली. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्यातलं डोळ्याचं औषध करून पाहिलं. लसूण, कांद्याच्या जातीचं आणखी एक काही, वाइन आणि बैलाचं पित्त एकत्र करून नऊ रात्री ठेवायचं. अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणारे एमआरएसए जंतू प्रयोगशाळेत त्यानं मेले. लगेच ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ सुरू झालं. आपल्याकडच्या फॉरवर्डवाल्यांना ती चाल शिकवायला नको. मुळ्याचा प्रयोग मात्र कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

मंत्रांच्या त्या लाक्नुंगा हस्तलिखिताच्या आधारानं ससेक्स विद्यापीठातल्या ब्रायन बेट्स या मानसशास्त्रज्ञानं 1983 मध्ये ‘द वे ऑफ विर्ड’ (विर्ड म्हणजे नियती) ही कादंबरी लिहिली. तरुण ख्रिस्ती लेखनिक जुन्या धर्माची माहिती काढायला जातो आणि एका मांत्रिकाच्या हाताखाली सापडतो. त्यातल्या आत्म्यांच्या भराऱ्या मला जरा लेखकाच्या स्वतःच्या काळातल्या वाटल्या, पण मुळ्या खणण्याची पानं झकास आहेत. निदान पाहुणा आणि यजमान तिथं बोलतात तरी. बाकीच्या कादंबऱ्यांत क्रूस एका बाजूला आणि वोडेन दुसऱ्या, मधे तलवारी. पूर्व अँग्लियाच्या रेडवाल्ड राजानं एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी आणि जुन्या देवांची वेदी शेजारी शेजारी मांडली होती, असं बीड नाक मुरडून सांगतो. मला तर वाटतं, पुष्कळ घरं मनानं त्याच देवळात राहत असणार.

याच लोकांचा, शेत पिकेनासं झालं तर करायचा विधी बघा. उजाडायच्या आत शेताच्या चार बाजूंनी चार ढेकळं गवतासकट काढायची. त्यांच्यावर तेल, मध, खमीर, शेतातल्या प्रत्येक जनावराचं दूध, झाडापाल्याचे तुकडे आणि तीर्थ घालायचं. मग ढेकळं चर्चमध्ये न्यायची, हिरवी बाजू वेदीकडे करायची आणि पाद्र्यानं त्यांच्यावर चार मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासना, म्हणायच्या. सूर्य मावळायच्या आत ढेकळं परत जागच्या जागी. अनोळखी बी भिकाऱ्यांकडून घ्यायचं आणि त्यांना दुप्पट परत द्यायचं. नांगराला भोक पाडून त्यात धूप, बडीशेप, मंतरलेला साबण आणि मीठ भरायचं. आणि मग म्हणायचं: एर्के, एर्के, एर्के, धरणीमाते!

मला कादंबरी हवी आहे ती या पाद्र्याची. सकाळी दारात शेतकरी उभा आहे, हातात मधानं चिकट झालेली ढेकळं, दुधाचा वास. पाद्री काय म्हणतो? नाही म्हणावं तर गाव उपाशी, हो म्हणावं तर बिशपच्या कानावर जायचं. पहिल्या मिस्सेला त्याला संकोच वाटतो की चौथीला कंटाळा येतो? एर्केची हाक ऐकायच्या आत तो घरी निघून जातो की शेताच्या बांधावर थांबतो? शिवाय भिकाऱ्यांना बी खरंच दुप्पट मिळालं का, हेही त्या कादंबरीत यायला हवं.