हागुरोच्या जंगलात ऐकलेलं 'सोवाका'

हागुरो डोंगराची वाट चढणीनं सुरू होत नाही. झुइशिनमोन हे लाकडी द्वार ओलांडलं की आधी पायऱ्या उतरायच्या, हराइगावा नदीवरचा लाल पूल पार करायचा, आणि मग डोंगर लागतो. जपानच्या यामागाता प्रांतातल्या त्सुरुओकाहून बसनं मी इथं पोचलो, तो जून महिना होता. रात्रभर पाऊस पडून गेला होता.

आमचे वाटाडे यामाबुशी होते, म्हणजे डोंगरात राहून तप करणारे शुगेंदो पंथाचे साधक. पांढरा वेष, गळ्यात शंख. पांढरं वस्त्र हे मेलेल्याचं, असं त्यांनी सांगितलं. डोंगर हे आईचं पोट. माणूस मरून त्यात शिरतो आणि नवा जन्म घेऊन बाहेर पडतो. मला आपला 'गाभारा' आठवला. त्या शब्दातही गर्भच आहे.

मग नियम सांगितला: वाटेत बोलायचं नाही. ते जे सांगतील त्यावर एकच उत्तर, 'उकेतामो'. आपल्या भाषेत शिरसावंद्य.

पूल ओलांडल्यावर हजार वर्षांहून जुना सुगी, म्हणजे जपानी देवदार वृक्ष येतो, त्याला 'आजोबा' म्हणतात. जवळच रंग न दिलेला, सुमारे ६०० वर्षांचा पाचमजली पॅगोडा. तिथून पुढे खरी चढण. एकूण २४४६ पायऱ्या. १६४८ साली त्या बसवायला सुरुवात झाली. बऱ्याच ठिकाणी त्या इतक्या अरुंद आहेत की पाऊल आडवं टाकावं लागतं. आणि सगळीकडे शेवाळ! दगडांच्या सांध्यात पोपटी, बुंध्यांवर काळपट हिरवं, उघड्या मुळांवर मखमलीसारखं जाड. हात ठेवला तर बोटं पेराएवढी आत जातात आणि गार पाणी मनगटावर ओघळतं. आपल्या देवराईत पाचोळा तरी वाजतो. इथं पावलांचा आवाजही शेवाळ पिऊन टाकतं. बोलायचं का नाही, ते मला इथं कळलं.

वाटाड्यांनी एका पायरीवर बोट ठेवलं. शेवाळाखाली भोपळ्याची कोरीव आकृती होती. अशा ३३ आकृत्या या पायऱ्यांवर आहेत. सगळ्या सापडल्या तर इच्छा पुरी होते म्हणे. मी नंतर शोधायच्या सोडून दिल्या, कारण मान वर करून झाडं बघायची होती.

दुसऱ्या चढावरच्या चहाच्या दुकानात भाजलेले मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, खाल्ले आणि तासाभरात माथा गाठला. माथा जेमतेम ४१४ मीटर. तिथं हागुरो, गास्सान आणि युदोनो या तिन्ही पवित्र डोंगरांच्या देवांचं एकत्र देऊळ आहे, त्याचं गवती छप्पर माणसाच्या उंचीएवढं जाड. वाटाड्यांनी शंख फुंकला आणि एका सुरात पठण सुरू केलं. काही कळत नव्हतं. शेवटी मात्र कान टवकारले: 'ग्याते ग्याते हाराग्याते हारासोग्याते, बोजी सोवाका.'

गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा! बौद्धांच्या हृदयसूत्राचा हा संस्कृत मंत्र मला पाठ होता. नकळत मी पुटपुटलो. त्यांनी वळून पाहिलं.

"तुमच्या उच्चारात म्हणा," ते तुटक इंग्रजीत म्हणाले.

"उकेतामो," मी म्हटलं, आणि हात जोडून पहिल्यापासून सुरुवात केली.